कवडीचा भाव

बोटीवरची सातवी रात्र. डेकवर ओले वेटसूट वाळत होते, कॉम्प्रेसर घरघरत सिलिंडर भरत होता आणि मी केबिनमध्ये मांडी घालून नोटा मोजत बसले होते. एका बाजूला डॉलर, दुसऱ्या बाजूला मालदीवचे रुफिया. फोन बाजूला पडला होता. त्यातल्या यूपीआयला इथे काडीची किंमत नव्हती.

फेब्रुवारी २०२५ची गोष्ट. आधी आठवडाभर एका छोट्या बेटावरचं गेस्टहाऊस आणि मग दहा रात्री डायव्ह बोटीवर असा बेत होता. तारकर्लीला स्कूबा शिकल्यापासून या सफरीसाठी पैसे साठवत होते. निघण्याआधी मास्क, रेग्युलेटर, डाइव्ह कॉम्प्युटर तीन-तीनदा तपासला. पैसे कोणत्या रूपात न्यायचे, हा विचार मात्र शेवटच्या आठवड्यात केला. चहाच्या टपरीवरही क्यूआर कोड स्कॅन करणाऱ्या आपल्या पिढीला पैसा ही वस्तू आहे, तिला वजन असतं, ती फाटते, भिजते, नाकारली जाते, हे आठवतच नाही.

ते शिकायला मुंबईतल्या मनी चेंजरच्या काउंटरपासूनच सुरुवात झाली. परदेशी जाताना रोख परकीय चलन तीन हजार डॉलरपर्यंतच नेता येतं, बाकीचे कार्डावर. मी नऊशे रोख घेतले आणि उरलेले फॉरेक्स कार्डात भरले. काउंटरवरच्या माणसाने शंभराच्या नोटा पुढे केल्या. सोबत आलेल्या अनुभवी मित्राने त्या परत सरकवल्या. ‘‘वीस, दहा, पाच आणि एकच्या द्या. आणि कोऱ्या. शाईचा ठिपकासुद्धा नको.’’ तेव्हा मला तो चोखंदळपणा वाटला. बेटावर तिसऱ्याच दिवशी माझी एक वीसची नोट कोपरा किंचित फाटला म्हणून परत आली, तेव्हा मनातल्या मनात त्याला हात जोडले.

मालदीवमध्ये पैशांची दोन जगं आहेत, हे बेटावर पाऊल ठेवल्याबरोबर कळतं. डायव्हचे दर डॉलरमध्ये, खोलीचं भाडं डॉलरमध्ये, सरकारचा ग्रीन टॅक्ससुद्धा डॉलरमध्ये. मी गेले तेव्हा तो छोट्या गेस्टहाऊसमध्ये दिवसाला सहा आणि बोटीवर बारा डॉलर होता. पण कोपऱ्यावरच्या हॉटेलातला चहा, माशाचं सारण भरलेले तळलेले गोळे, फेरीबोटीचं तिकीट हे सगळं रुफियात. पाहुण्यांसाठी एक पैसा, घरच्यांसाठी दुसरा. बँकेचा दर डॉलरला १५.४२ रुफिया. हा आकडा इतका पक्का की दुकानदार तो झोपेतही सांगेल. २०११मध्ये सरकारने १२.८५ हा मध्य धरून वर-खाली वीस टक्क्यांचा पट्टा आखून दिला. रुफिया त्या पट्ट्याच्या तळाला जाऊन टेकला तो तिथेच आहे. १५.४२ म्हणजे त्या पट्ट्याची शेवटची पायरी. बाजारात डॉलरला त्याहून बरंच जास्त मिळतं, हेही दुकानदार सांगतो, पण जरा आवाज खाली आणून.

रुफिया हा शब्द ऐकताच ओळखीचा वाटला असेल. आपला रुपयाच तो. संस्कृत ‘रूप्य’ म्हणजे चांदीपासून निघालेला. मालदीवने स्वतःच्या नोटा १९४७मध्ये छापल्या. त्याआधी तिथे सिलोनचे रुपये चालत. पण मला जास्त गंमत वाटली ती सुट्ट्या पैशांची. शंभर ‘लारी’ म्हणजे एक रुफिया.

लारी म्हटलं की आपल्याला भेळेची गाडी आठवते. पण या लारीचा उगम इराणातल्या लार शहरात आहे. हे नाणं गोल नव्हतंच. चांदीची बोटभर लांब तार घ्यायची, मधोमध दुमडायची आणि तिच्यावर ठसा मारायचा. केसांच्या पिनेसारखं दिसणारं हे नाणं सोळाव्या-सतराव्या शतकात इराणच्या आखातापासून श्रीलंकेपर्यंत बंदरोबंदरी चालत होतं. कोकणही त्याला अपवाद नव्हतं. विजापूरच्या दुसऱ्या अली आदिलशहाच्या नावाच्या लाऱ्या सापडल्या आहेत आणि त्यांचं नाव दाभोळ बंदराशी जोडलं जातं. आज दाभोळला फेरीबोटीची वाट पाहत वडापाव खाताना हे कुणाच्या मनातही येत नाही. मालदीवने मात्र तो शब्द नाण्यावर जपून ठेवला आहे.

मालदीवमधल्या लारीचं सविस्तर वर्णन एका बुडालेल्या जहाजामुळे आपल्यापर्यंत आलं. जुलै १६०२मध्ये ‘कॉर्बां’ नावाचं फ्रेंच जहाज गोइधू बेटाजवळच्या प्रवाळावर आदळलं. त्यावरचा फ्रान्स्वा पिरार वाचला आणि पाच वर्षं मालदीवमध्ये अडकून पडला. तो दिवेही भाषा शिकला, लोकांत मिसळला, थोडाफार व्यापारही करू लागला. १६०७मध्ये बंगालकडून आलेल्या हल्लेखोरांनी माले लुटलं, सुलतान मारला गेला आणि पिरार त्यांच्या जहाजातून चितगावला पोचला. तिथून फिरत फिरत तो गोव्यात आला आणि अखेर फ्रान्सला परतला. त्याचं पुस्तक १६११मध्ये निघालं. सुलतान लाऱ्या पाडतो, त्यावर अरबी अक्षरांत स्वतःचं नाव घालतो आणि लहान व्यवहारासाठी लोक चांदी कापून तोलून देतात, असं तो सांगतो. चांदी कापायची नसेल तेव्हा आणखी एक सुटं नाणं हाताशी होतं. एका लारीला बारा हजार.

ते नाणं म्हणजे कवडी.

*

कवडी मी लहानपणापासून पाहत आले. आजीच्या देवघरात तुळजाभवानीची परडी असायची आणि दारात गोंधळी आले की त्यांच्या गळ्यात कवड्यांच्या माळा. तुळजापूर घाटावर आहे, समुद्रापासून कितीतरी दूर. पण देवीचा सगळा साज समुद्राचा, हे तेव्हा कधी खटकलं नाही. शाळेत मराठीच्या पेपरात ‘कवडीमोल’, ‘फुटकी कवडी’, ‘कवडीचुंबक’ यांचे अर्थ लिहून मार्क मिळवले. कवडी म्हणजे शून्याच्या शेजारची किंमत, इतकंच मला माहीत होतं.

बेटावरच्या पाचव्या संध्याकाळी ओहोटी होती. गेस्टहाऊसच्या मालकाने मला गुडघाभर पाण्यात नेलं आणि मेलेल्या प्रवाळाचा एक दगड हलकेच उलटला. खाली बोटाच्या पेराएवढ्या, फिकट पिवळ्या दोन कवड्या. एकीने आपलं मऊ अंग शिंपल्याच्या दोन्ही बाजूंनी वर ओढून घेतलं होतं, दुलई घेतल्यासारखं. कवडीची चकाकी याच पांघरुणाची देणगी. प्राणी जिवंत असेपर्यंत ते शिंपल्याला झाकतं आणि त्यावर थर चढवत राहतं. ‘‘बोली,’’ मालक म्हणाला. दिवेहीत कवडीला बोली म्हणतात. मग त्याने दगड होता तसा परत ठेवला. उचलायची नाही, हे सांगायची गरज पडली नाही.

हिचं शास्त्रीय नाव ‘मॉनेटारिया मॉनेटा’. आडनाव आणि नाव, दोन्ही पैशावरून. नाणं म्हणून ती का टिकली, हे हातात धरलं की समजतं. फुटायला कठीण, आकार जवळजवळ सारखा, आणि बनावट करायची तर खर्च कवडीच्या किमतीपेक्षा जास्त. शिवाय ही कवडी मालदीवइतकी मुबलक क्वचितच कुठे सापडते. अकराव्या शतकात अल-बिरूनीने या बेटांना कवड्यांची बेटंच म्हटलं आणि लक्षद्वीपच्या बाजूच्यांना काथ्याची. अरब व्यापाऱ्यांच्या वर्णनात तर कवड्या काढण्याची कृतीच आहे. नारळाच्या झावळ्या पाण्यावर टाकून ठेवायच्या, कवड्या त्यांना चिकटतात, मग झावळ्या ओढून घ्यायच्या. १३४३मध्ये आलेला इब्न बतूता पुढची पायरी सांगतो. किनाऱ्यावर खड्डे खणून कवड्या त्यात टाकायच्या, आतला जीव कुजून गेला की पांढरं कवच उरतं. हा मोरोक्कोचा प्रवासी मालदीवमध्ये काझी झाला, तिथे त्याने लग्नं केली आणि सुदैवाने बाजारभावही लिहून ठेवला.

त्याच्या हिशेबाने मालदीवमध्ये सोन्याच्या एका दिनाराला चार लाख कवड्या मिळत. भाव पडला की त्याहूनही जास्त. बेटवाले त्या बंगाली व्यापाऱ्यांना देत आणि बदल्यात तांदूळ घेत. मालदीवच्या वाळूत भात पिकत नाही, बंगालच्या चिखलात कवडी मिळत नाही. सरळ व्यवहार. काही वर्षांनी बतूता सहारा ओलांडून पश्चिम आफ्रिकेतल्या माली साम्राज्यात पोचला. तिथे हीच कवडी चलन होती. दर? एका दिनाराला १,१५०.

चार लाख आणि १,१५०. मी फोनवर भागाकार केला. जवळजवळ साडेतीनशे पट.

कवडीत काहीच बदललं नव्हतं. बदललं होतं ते फक्त अंतर, आणि वाटेत तिला हात लावणाऱ्यांची संख्या. गुडघाभर पाण्यात वाकून ती उचलणाऱ्याला तिचा सर्वांत कमी भाव मिळत होता.

पुढच्या शतकांत या फरकाने भयंकर रूप घेतलं. डच आणि इंग्रज व्यापाऱ्यांनी सिलोन आणि बंगालमधून कवड्या उचलल्या. जहाजाच्या तळाला भार म्हणून त्या सोयीच्याही होत्या. ॲम्स्टरडॅम आणि लंडनला त्यांचे लिलाव व्हायचे आणि तिथून त्या पश्चिम आफ्रिकेच्या किनाऱ्यावर जायच्या. तिथे त्या मोजून गुलाम विकत घेतले जात. मालदीवच्या उथळ पाण्यातला हा शिंपला अटलांटिकपलीकडच्या मळ्यांत राबणाऱ्या माणसांची किंमत झाला. ‘कवडीमोल’ हा शब्द मी तेव्हापासून सहज वापरू शकत नाही.

इकडे बंगालमध्ये कवडी गरिबाच्या रोजच्या बाजाराचं नाणं होती. चार कवड्यांचा गंडा, वीस गंड्यांचा पण, सोळा पणांचा काहन आणि साधारण चार काहनांचा रुपया. गुणाकार केला तर रुपयाला ५,१२० कवड्या. अठराव्या शतकाच्या अखेरीस सिल्हेटला रॉबर्ट लिंडसे नावाचा कंपनीचा कलेक्टर होता. त्याच्या जिल्ह्याचा महसूल कवड्यांतच जमा व्हायचा. त्या ठेवायला कोठारं, ढाक्याला न्यायला होड्यांचा ताफा, आणि या सगळ्यात शेकडा दहाची तूट, असं त्याने लिहून ठेवलं आहे. फॉरेक्स कार्डावरचं कमिशन पाहून मी चिडले होते. हे वाचल्यावर जरा शांत झाले.

मग कंपनीला कवडी नकोशी झाली. ओडिशात महसूल चांदीतच भरा असा आग्रह धरला गेला. शेतकऱ्याच्या घरात कवड्या होत्या, चांदी नव्हती. कवडीचा भाव घसरला, म्हणजे कर न वाढवताही कर वाढला. १८१७च्या पाईक उठावाच्या कारणांत जमिनींच्या जप्तीबरोबर हेही कारण सांगितलं जातं. कुठला पैसा खरा, हे ठरवणारा माणूस आणि तो पैसा कमावणारा माणूस वेगळा असला की काय होतं, त्याचा हा नमुना.

*

हे सगळं इतकं सविस्तर सांगितलं, कारण बोटीवरच्या त्या सातव्या रात्री मी जे केलं ते त्याशिवाय कळणार नाही.

मालदीवमध्ये डायव्ह करणाऱ्यांना घेऊन जाणाऱ्या छोट्या होडीला धोनी म्हणतात. आमच्या धोनीवर सिलिंडर लावून देणारा, पाण्यातून वर आलं की पाठीवरचं ओझं उचलून घेणारा मुलगा बांगलादेशी होता. कुमिल्ला जिल्ह्यातला. बांगलादेशातून आलेले कामगार इथे सगळीकडे भेटतात. बांधकामावर, हॉटेलात, मासळी बाजारात. हिंदी सिनेमांमुळे आमचं बोलणं जमायचं. तो मला दीदी म्हणायचा. त्या दिवशी वाव्हू अटॉलमध्ये अलिमाथाची नाइट डायव्ह झाली होती. टॉर्चच्या उजेडात नर्स शार्कची गर्दी पाहून मी हवेत तरंगत होते. टॉवेल देताना तो हळूच म्हणाला, ‘‘दीदी, डॉलर एक्स्ट्रा है क्या? मैं अठारह दूंगा.’’

बँक १५.४२ देते. हा अठरा देत होता. मला शेवटच्या दोन दिवसांसाठी आणि मालेतल्या खरेदीसाठी रुफिया हवेच होते. मी दोनशे डॉलर दिले आणि ३,६०० रुफिया घेतले. बँकेत ३,०८४ मिळाले असते. म्हणजे ५१६ रुफियांचा फायदा. नोटा मोजताना मी खूश होते. परवान्याशिवाय असा व्यवहार करणं तिथे बेकायदा आहे, हे मला नंतर कळलं. तेव्हा वाटलं, जमलं आपल्याला. स्मार्ट प्रवासी झालो आपण.

खुशी उतरली दुसऱ्या दिवशी. दोन डायव्हच्या मधल्या तासात मी त्याला विचारलं, डॉलर कशाला हवेत? त्याचा पगार रुफियात होता. घरी पैसे पाठवायचे तर डॉलर लागतात. बँकेत अधिकृत दराने ते त्याच्यासारख्याला मिळतील याचा भरवसा नाही. मग बाजारात घ्यायचे. बाजारात त्याला अठराहून जास्त पडत होते, म्हणून मी स्वस्त. ‘‘आप ने अच्छा रेट दिया,’’ तो म्हणाला आणि हसला.

त्याच्या हिशेबाने मी उपकार केला होता. माझ्या हिशेबाने मी फायदा कमावला होता. दोन्ही हिशेब बरोबर होते आणि म्हणूनच मला अस्वस्थ वाटायला लागलं. पाठीवरचा सिलिंडर उचलणाऱ्या माणसाच्या महिन्याच्या कमाईतून ५१६ रुफिया माझ्या पाकिटात आले होते, कारण माझ्या खिशातला कागद हिरवा होता आणि त्याच्या खिशातला नव्हता. तो कागद हिरवा असण्यात माझं काहीही कर्तृत्व नव्हतं. मी तो मुंबईतल्या काउंटरवरून उचलला होता.

यात त्या देशाला नुसती नावं ठेवून भागणार नाही. मालदीव तांदळापासून डिझेलपर्यंत बहुतेक सगळं बाहेरून आणतं. पर्यटनातून डॉलर येतात, पण ते सगळेच देशातल्या बँकांत पोचत नाहीत. २०२४मध्ये गंगाजळी इतकी आटली की कर्जफेडीची चिंता जगजाहीर झाली. त्या ऑक्टोबरमध्ये भारताच्या रिझर्व्ह बँकेने चाळीस कोटी डॉलर आणि तीन हजार कोटी रुपयांच्या चलन अदलाबदलीचा करार केला. देशाच्या तिजोरीत डॉलरची चणचण असते तेव्हा तिची शेवटची झळ धोनीवरच्या मुलापर्यंत पोचते. आणि ती त्याला माझ्यासारख्या पर्यटकाच्या पाकिटासमोर उभी करते.

सहा-सातशे वर्षांपूर्वी याच समुद्रातून कवड्या बंगालला जात आणि तांदूळ इकडे येई. आता बंगालचा मुलगा इथे येतो आणि घरच्या तांदळासाठी इथून डॉलर पाठवतो. वाट तीच आहे. वाटेतले हातही तसेच आहेत. त्या वाटेवर हात मारून घेणाऱ्यांत यंदा मी होते.

*

शेवटच्या सकाळी बोटीचा हिशेब झाला. ग्रीन टॅक्सचे १२० डॉलर, नायट्रॉक्सचे वेगळे, टॉर्चच्या भाड्याचे वेगळे. कार्डाने दिलं तर वर अधिभार, म्हणून सगळ्यांनी रोखीतच दिलं. बक्षिसाची पेटी जेवणाच्या टेबलावर होती. तिच्यात सगळ्यांसारखं पाकीट टाकलं. मग मागच्या डेकवर गेले. तो दोर गुंडाळत होता. मी वीसची आणि दहाची अशा दोन नोटा त्याच्या हातात दिल्या. आदल्या रात्री कागदावर मांडलं होतं. ५१६ भागिले अठरा, म्हणजे २८ डॉलर आणि वर थोडे. पूर्ण तीस केले.

त्याने नोटा उजेडात धरून पाहिल्या. कोपरे तपासले. मग खिशातून रुफियांची घडी काढली आणि मोजायला लागला. शंभर, दोनशे, तीनशे. पाचशे चाळीसपर्यंत पोचला आणि माझ्यापुढे हात केला. त्याला वाटलं, मी आणखी डॉलर बदलायला आले आहे.

‘‘नाही नाही, ये ऐसे ही,’’ मी मराठी-हिंदीत अडखळले. त्याला कळेना. ‘‘रेट कम है?’’ त्याने विचारलं. रेट बरोबर आहे, चुकलं ते माझं, हे हिंदीत कसं सांगायचं ते मला सुचलं नाही. शेवटी म्हटलं, ‘‘घर भेज दो.’’ तेव्हा त्याने रुफिया खिशात ठेवले, डॉलर दुसऱ्या खिशात ठेवले आणि माझी बॅग उचलून धोनीत ठेवली.

तुम्ही कधी असे लांबच्या डायव्हिंगला गेलात, तर मित्राने मला सांगितलेलं तुम्हाला सांगते. लहान आणि कोऱ्या नोटा न्या. त्या दोन ठिकाणी ठेवा, त्यातली एक जागा कोरड्या पिशवीत. स्थानिक पैसे गरजेपुरतेच काढा, कारण रुफिया मालदीवबाहेर बदलून मिळणं मुश्कील. बोटीवर चढण्याआधी शेवटच्या दिवसाचे पैसे बाजूला काढा. आणि कुणी बँकेपेक्षा चांगला दर देऊ केला, तर तो दर कोण भरतंय ते आधी विचारा. हे शेवटचं मित्राने सांगितलं नव्हतं.

विमानतळावर उरलेले रुफिया कॉफीत संपवले. दोन रुफियांचं एक नाणं तेवढं राहिलं. त्यावर शंख आहे. चिल्लर बदलून मिळत नाही, म्हणून ते घरी आलं. आजी आता नाही, पण तिची परडी आईने ठेवली आहे. नाणं मी परडीतल्या कवड्यांशेजारी ठेवलं. आईने विचारलं, ‘‘याचे किती होतात?’’

‘‘बँकेत अकरा रुपये,’’ मी म्हटलं. ‘‘बाजारात त्याहून कमी.’’